कंसाबाहेरची ओळ

माझ्या नाकावर राग असतो, हे घरातलेही सांगतील आणि ऑफिसातलेही. त्यात जी बाई माझा कोड तपासायची, तिच्यावर तर माझा खास राग होता. गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात एकाने लिहिलेला कॉम्प्युटरचा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. माझ्या वाट्याला ही आली होती: माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, जन्मापासून दिल्लीची, डोळ्यांत तेल घालून वाचणारी. एक स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवायची. मी घरी येऊन तिच्या नावाने बोटं मोडायचे. आज ते आठवून ओशाळायला होतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब होत चालल्याचं कळलं. दिसणं कमी कमी होत जाणार, थांबवता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी ते फक्त नवऱ्याला सांगितलं. मुलगी तेव्हा सातवीत होती, तिला नाही. ऑफिसात तर नाहीच नाही. कोड लिहिणं हे एकच काम मला धड येतं आणि ते मला जिवापाड आवडतं. न दिसणाऱ्या बाईला ते कोण करू देणार?

मग लपवाछपवी सुरू झाली. मी ज्या एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये, काम करते तो जुना आहे, पण त्याला आपण हवं ते शिकवू शकतो. मी त्याला ओळ वाचून दाखवायला शिकवलं आणि दिवसभर इयरफोन घालून बसू लागले. मॅडम गाणी ऐकतात, असं सगळ्यांना वाटायचं.

पण कोडमध्ये कंसात कंस, त्यात आणखी कंस असतात. कोणती ओळ कोणत्या कंसातली, हे डोळस माणसाला ओळीआधी सोडलेल्या जागेवरून एका नजरेत कळतं. माझ्या कानात नुसतं ‘कंस बंद, कंस बंद, कंस बंद’. कुठला बंद झाला, ते मी बोटांवर मोजायचे.

एकदा मोजणं चुकलं. आमचा प्रोग्राम दवाखान्यांसाठी होता. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक पेशंटला आठवणीचा मेसेज जायला हवा होता. यादीतल्या एकेकासाठी तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाला लूप म्हणतात. मेसेज पाठवायची ओळ मी त्या लूपच्या कंसाबाहेर लिहून बसले. मेसेज फक्त शेवटच्या पेशंटला गेला असता. कोड तपासताना तिने अर्थातच पकडलं. दोन महिन्यांतली अशी ही तिसरी चूक होती.

या वेळी तिने काही लिहून पाठवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत स्वतः माझ्याकडे आली, मला एका रिकाम्या मीटिंग रूममध्ये घेऊन गेली आणि दार लावलं.

“कान में गाना नहीं चलता ना?”

मी इयरफोन खिशात टाकले.

“यार, फ्रेशर भी ये गलती नहीं करता. ये तो दिख जाता है. तुम्हें दिख नहीं रहा.”

मी आधी कडाकडा भांडले. मग रडले. तिने दोन्ही होऊ दिलं.

“मैं किसी को नहीं बोलूँगी,” ती म्हणाली. “मैनेजर को तुम खुद बोलोगी. लेकिन पहले ढंग से काम करना सीखो. तीन हफ़्ते.”

ते तीन आठवडे तिने तिची जेवणाची सुट्टी मला दिली. ओळीओळीने चालायचं सोड, हा तिचा पहिला धडा. कॉम्प्युटर कोड ओळींनी समजून घेतच नाही, त्याच्यासाठी ते एक झाड असतं. फाइल म्हणजे खोड, त्याला फुटलेली फंक्शनची, म्हणजे एकेका कामाची फांदी, तिला लूपची, लूपला अटीची. एडिटरला ते झाड ठाऊक होतं, मीच त्याला कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून एडिटरला पाच कळा शिकवल्या. एक दाबली की आहोत त्या फांदीवरून बाहेरच्या मोठ्या फांदीवर, दुसरी दाबली की आत. तिसरी आणि चौथी त्याच फांदीवरच्या शेजाऱ्यांकडे नेणारी. आधीच्याला मी थोरला म्हटलं, पुढच्याला धाकटा. पाचवी कळ सांगायची, मी कुठे आहे: ‘अटीच्या आत, लूपच्या आत, फंक्शनच्या आत.’

ती पाचवी कळ पहिल्यांदा बोलली तेव्हा मी तिचा हात घट्ट धरला. कितीतरी महिन्यांनी मला माझ्याच कोडमध्ये आपण कुठे उभे आहोत ते कळत होतं. तिचा राजमा-चावल पार गार झाला.

मशीनचा आवाज मराठी शब्द चावून बोलायचा. ते शब्द मुलीच्या आवाजात रेकॉर्ड करायचे ठरवलं, आणि त्यासाठी तिला सगळं सांगावं लागलं. दिल्लीच्या द्वारकेत वाढलेली पोर. ऐकून तिने शब्दांचा कागद हातात घेतला.

“आई, थोरला म्हणजे?”

“आधी जन्मलेला.”

“अच्छा, बडा भैया.” तिने सगळे शब्द वाचले. मग म्हणाली, “परत करू या. माझा आवाज हलत होता.”

तीन आठवडे संपले, तशी मी मॅनेजरला सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता, पण घाबरला. “लेकिन प्रैक्टिकली कैसे होगा?” असं दोनदा म्हणाला. ती शेजारीच बसली होती. तिने काही वाद घातला नाही. त्याच दिवशी सकाळी स्वतः लिहिलेला कोड माझ्यापुढे उघडला, स्क्रीन बंद केली आणि स्पीकर चालू केला.

खोलीत माझ्या मुलीचा आवाज घुमू लागला. आत. आत. धाकटा. धाकटा. बाहेर. एका ओळीपाशी मला काहीतरी खटकलं, म्हणून पाचवी कळ दाबली. ‘फंक्शनच्या आत’, एवढंच. लूपचं नावच नाही.

“ये लाइन लूप के अंदर होनी चाहिए,” मी म्हणाले.

मॅनेजरने स्क्रीन लावून बघितलं. “हाँ यार, बाहर है.”

“अरे हाँ,” ती म्हणाली. “मेरी गलती.”

माझी नोकरी राहिली.

त्याला आता तीन वर्षं झाली. स्क्रीनकडे बघितलं तर मला फक्त उजेड जाणवतो, पण काम रोज चालू आहे. ती ओळ तिने मुद्दाम बाहेर ठेवली होती का, असं मी एकदा विचारलं. “क्यों, मुझसे गलती नहीं हो सकती?” म्हणत ती माझ्यावरच खेकसली. माझे स्वल्पविराम ती अजून परत पाठवते. आणि आता तिचा कोड तपासायचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक फांदीवर जाते, प्रत्येक कंसात शिरते, पाचवी कळ दाबून बघते. तीन वर्षांत तिची दुसरी चूक मला सापडलेली नाही.