एडनहून आणलेलं पाणी

समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त आलंच. ते घ्यायचं, हे ठरवूनच मी ठाण्याहून निघालो. माझा धाकटा भाऊ विनू एडनला सरकारी कोळशाच्या वखारीत कारकून आहे. रजा मिळाली तरी घरी येत नाही. आईची नजर अधू होत चालली आहे. "दिसतंय तोवर त्याला एकदा आण," एवढंच ती म्हणाली. निघताना मागून हाक मारू नये हे तिनेच मला शिकवलं, आणि मी पेटी उचलल्यावर तीच ओरडली, "तो तिथे कुणाच्या विहिरीचं पाणी पितो, ते विचारून ये रे!"

आगगाडीने बोरीबंदर, तिथून घोडागाडीने धक्का, पुढे आगबोट. जाणाऱ्यांनी थंडीचे दिवस धरावेत आणि डेकवरचंच तिकीट काढावं. खालच्या कोंदट वासाने जीव नकोसा होतो. दशम्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं बरोबर हवंच. मी बेसनाचे लाडूही नेले होते, पण पहिले दोन दिवस त्यांच्याकडे बघवेना. शाळामास्तराने पोरांना समुद्राची वर्णनं सांगणं वेगळं आणि समुद्राने मास्तराला हलवणं वेगळं.

शेजारी कल्याणचे एक हवालदार होते, एडनच्या पलटणीत परत निघालेले.

"मास्तर, तिथं गवताची काडी नाय उगवत," ते म्हणाले.

"मग साहेबाने घेतलं कशाला?"

"आगबोटीला कोळसा नको? विलायत ते मुंबई, मधी कुठंतरी भरायलाच पायजे. कंपनी सरकारच्या मनवारी, लढाईच्या बोटी, तोफा घेऊन गेल्या नि बंदर मारलं. आता सुएझचा कालवा झाल्यापास्नं तर येणारा-जाणारा तिथंच थांबतो. कारभार आपल्या मुंबईचाच. एडन बंद झालं तर विलायतेचं टपालसुदिक यायचं नाय."

आठवड्याभराने एडन दिसलं आणि हवालदारांचं म्हणणं पटलं. काळे, उघडे डोंगर. झाड म्हणून नाही. पाण्यात मात्र गर्दी: टपालाच्या आगबोटी, अरबांची गलबतं आणि पलीकडे दोन मनवारी, तोफांची तोंडं आमच्याकडे करून. सोमाली मजूर गात गात कोळशाच्या गोणी चढवत होते. त्या काळ्या धुळीतून एक वाळलेला, दाढीवाला माणूस आला आणि माझ्या पाया पडला. हा आमचा गोबऱ्या गालांचा विनू! त्याला उठवायचं सोडून मी रडतच बसलो.

बंदरापासून गाव लांब आहे. गाडी ठरवून जावं. एका विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात ते वसलं आहे. वरच्या अंगाला खडकात खोदलेले पुरातन प्रचंड हौद आहेत, ते चुकवू नका. मी वाकून बघितलं, तर तळाला नुसता धुरळा.

"अरे, मग तुम्ही पिता काय?" मी विचारलं.

विनू हसला. त्याने मला समुद्राकाठच्या कारखान्यात नेलं. तिथे खारं पाणी उकळून त्याची वाफ करतात आणि वाफ थंड करून गोडं पाणी. मनवारींना तेच, गोऱ्या शिपायाला तेच आणि विनूलाही तेच.

"आईला सांग, आमचं पाणी कुणाच्याच विहिरीचं नाही."

"तूच येऊन सांग की."

विनू म्हणाला, "दादा, मी पंचगव्य हवं तेवढं घेईन रे. पण इथे इतकी वर्षं काढल्यावर, त्यानंतरही आळीतले माझं पान वेगळंच मांडणार. आई मला आपल्याजवळ बसवणार आणि मग तिच्या हातचं पाणी कुणी घेणार नाही. या वयात तिला वाळीत टाकायला येऊ का मी?"

मी पुष्कळ समजावलं. रागावलो, शेवटी आईची शपथ घातली. तो लाडू खात होता आणि डोळे पुसत होता, पण हो म्हणेना.

निघताना मी त्याच्याकडून तांब्याचा गडू भरून घेतला. काशीहून गंगा आणतात तसा, तोंड कथलाचा डाख लावून बंद केलेला. भाऊ नाही तर निदान त्याचं पाणी तरी. परतीच्या वाटेवर मला समुद्र लागला नाही. आईला काय सांगायचं, हेच लागून राहिलं होतं.

घरी पोचलो तेव्हा गडू बघून, कुठून आलो ते न विचारता तो गंगेचाच समजून, आळीतल्या चारजणी तीर्थ घ्यायला जमल्याच. सगळ्यांत पुढे शेजारच्या काकू, हातात वाटी. मी आईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं: कारखाना, वाफ, विनूचं बोलणं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "डाख काढ."

"आई, हे समुद्रापलीकडचं—"

"ठाऊक आहे."

काकूंची वाटी पदराआड गेली. आईने सगळ्यांसमोर उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि तीर्थासारखं तीनदा प्यायली. मग गडू चाचपून उचलला आणि उरलेलं वरून घटाघटा पिऊन टाकलं.

"खारट नाही की रे," ती म्हणाली.

एडन कसं आहे, म्हणून लोक मला विचारतात. तोफा, कोळसा, हौद, सगळं सांगतो. पण आठवतो तो विनूचा लाडू धरलेला हात, नखांत कोळसा भरलेला. त्याला पत्र त्याच दिवशी गेलं. आईने पायरीवर बसून सांगितलं, मी लिहिलं:

"मीही बाटले आहे. तू आल्याशिवाय मी प्रायश्चित्ताला बसायची नाही. आता किती दिवस मला असं ठेवायचं, ते तू ठरव."