अहवालातली दुसरी ओळ

"काचेपलीकडे बसून सगळं बघितलंस, आणि आता मला म्हणतेस डॉक्टर सांगतील?"

"डॉक्टरच सांगतील. मला तो अधिकार नाही, दादा."

"वा! लहानपणी माझ्या पाठीवरचं गळू फोडलंस, तेव्हा कुठून आणला होतास अधिकार?"

"बस तिथे. हातावरचा कापूस दाबून धर."

"धरलाय. तू विषय बदलू नकोस, बारके."

बारकी पन्नाशीला टेकली होती, पण थोरल्या भावासाठी ती अजून बारकीच. बावीस वर्षं ती या इस्पितळात एमआरआयचं मशीन चालवत होती. मशीनमधून बाहेर आलेला माणूस आधी हिचं तोंड वाचायला बघायचा, म्हणून तिने तोंड कोरं ठेवायची सवय लावून घेतली होती. विभागात तिला गमतीने 'भिंत' म्हणत. आज कपडे बदलायच्या त्या चिंचोळ्या खोलीत ती भावाकडे पाठ करून उगाच चादरींच्या घड्या घालत होती.

दादा शिंपी. कॉलरमागे टाचण्या खोचून ठेवायची त्याची जुनी खोड. मशीनच्या खोलीत लोखंडाचा कणही चालत नाही, म्हणून तासाभरापूर्वी "साळिंदर झालायस नुसता," म्हणत तिनेच त्या एकेक उपटून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या.

दादाची गाठ उजव्या कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत होती. दीड वर्षापूर्वी ती शर्टाच्या बटणाएवढी होती. तेव्हा बारकीने वरिष्ठांना गळ घालून दोन रुग्णांच्या मधल्या वीस मिनिटांत त्याला आत घेतलं होतं. अशा गाठीचा प्रकार ओळखायचा तर शिरेतून औषध द्यावं लागतं, आणि ते गाठीत कसं चढतं, कसं उतरतं ते मोजावं लागतं. पण जन्मभर सुया चालवलेला हा माणूस इंजेक्शन दिसलं की पांढराफटक पडायचा. "टोचल्याशिवाय नाही का गं होत?" त्याने विचारलं, आणि तिने टोचल्याशिवाय केलं.

अहवालात दोन ओळी आल्या. गाठ साधी असावी, ही पहिली. नक्की प्रकार कळण्यासाठी औषध देऊन तपासणी पुन्हा करावी, ही दुसरी. फोनवर तिने पहिलीच वाचून दाखवली. पुन्हा याची समजूत घालायची, पुन्हा वरिष्ठांची मनधरणी करायची. बघू पुढच्या महिन्यात, असं तिने स्वतःला सांगितलं. तो पुढचा महिना उगवलाच नाही. कागद तिच्या कपाटात पडून राहिला.

आज औषध दिलं होतं. साध्या गाठीत ते बहुधा सावकाश चढत जातं. साध्याच गाठीच्या दुसऱ्या एका जातीत झरकन चढतं आणि तितकंच झरकन उतरतं. दादाच्या गाठीत ते झरकन चढलं आणि उतरायचं नावच घेईना. पडद्यावर हा चढउतार दाखवणारी रेघ वर जाऊन तशीच आडवी पसरली. शेवटचा शब्द गाठीतून काढलेल्या तुकड्याचा असतो, हे तिला ठाऊक होतं. पण अशा रेघाही तिने कमी पाहिल्या नव्हत्या, आणि त्यातल्या बहुतेक कर्करोगाच्याच निघाल्या होत्या.

दादाने शर्ट चढवला, ट्रेमधल्या टाचण्या सवयीने ओठांत धरल्या. एक टाचणी उजव्या कोपऱ्यातून निसटून फरशीवर पडली. त्याने ती उचलून पुन्हा धरली. पुन्हा पडली.

"हे कधीपासून?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

त्याने टाचण्या ट्रेमध्ये ठेवल्या. "झाले पंधरा दिवस. चहासुद्धा ओघळतो. तुझी वहिनी म्हणते, आता लाळेरंच शिवून घ्या, घरचाच शिंपी आहे."

चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते. साधी गाठ सहसा तिच्या वाटेला जात नाही.

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला बोलायचं? तूच म्हणाली होतीस साधी आहे म्हणून. वहिनी मागे लागली होती, दुसरीकडे दाखवू या. मीच तिला गप्प केलं. म्हटलं, बारकी बोलली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

तिच्या हातातली घडी विस्कटली.

"दादा, त्या कागदावर आणखी एक ओळ होती."

"कुठल्या कागदावर?"

"दीड वर्षापूर्वीच्या. औषध देऊन पुन्हा तपासा, असं लिहिलं होतं. मी तुला सांगितलंच नाही."

तो बराच वेळ शर्टाचं एकच बटण लावत राहिला.

"तू वाचली होतीस ती?"

"वाचली होती."

"लहानपणापासून तुझ्या पोटात काही राहत नाही."

"हे राहिलं."

बाहेरून कुणीतरी पुढच्या रुग्णाचा नंबर पुकारला. दादाने हातावरचा कापूस काढून डब्यात टाकला आणि बाही खाली ओढली. टाचण्यांकडे त्याने पाहिलं नाही.

"मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "येऊ ना, दादा?"

त्याने चपला पायात सरकवल्या, दार उघडलं आणि उजवा गाल तळहाताने दाबून धरत तो बाहेर निघून गेला.