क्रेनवाल्या काकांचा तिसरा अंक

आमच्या टाउनशिपमध्ये ज्याला ज्याला आपला उजवा हात कोणता हे खात्रीने सांगता येतं, त्याला ते शेजारच्या क्रेनवाल्या काकांनी शिकवलेलं आहे. दिवसभर ते कारखान्यात उभे राहून क्रेनला हाताने खुणा करत आणि संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये नाटक बसवत. पद्धत दोन्हीकडे एकच. मी प्रॉम्प्टर, शिवाय सामानाची यादी माझ्याकडे, त्यामुळे सगळं जवळून पाहिलं. नवखा फिटर किंवा कारकून रंगमंचावर चढला की पहिला धडा ठरलेला. "उजवीकडे म्हणजे तुझ्या उजवीकडे. पब्लिकच्या नाही. पब्लिक ॲक्टिंग करून राहिली का?" दुसरा धडा, प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, दाखवायचीच तर आधी कारण सांगायचं. प्रयोग सुरू झाला की विंगेतून फक्त हाताच्या खुणा. एकदा बाप मरतो त्या प्रवेशात त्यांनी तळवा जरा सावकाश खाली आणला, आणि बापाचं काम करणारा वेल्डर चांगला मिनिटभर, इंच इंच खाली जात मेला. अभिनयाचं बक्षीस त्यालाच मिळालं.

नाटकाची रचनाही ते तशीच शिकवत. "पहिल्या अंकात वजन उचला, दुसऱ्यात हवेत फिरवा, तिसऱ्यात जागेवर ठेवा. लटकतं वजन सोडून कुणी घरी जात नाही." पण वार्षिक कार्यक्रमात नेमकं तेच होई. दुसरा अंक झाला की कारखान्याच्या मोठ्या साहेबांचं भाषण, बक्षिसं, आणि तिसरा अंक रद्द. दोन वर्षं काकांनी सोसलं. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या अंकाचा पडदा पडताच क्लबचे सेक्रेटरी विंगेत आले. "काकाजी, बस कीजिए. साहब को निकलना है."

"निकलें. हमारा नमस्ते कहिएगा."

"अगले साल हॉल नहीं मिलेगा, सोच लीजिए."

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तिसऱ्या अंकाचं सामान?"

मी यादी वाचली. खाट, कंदील, पत्र.

"लाव."

मी लावलं. तोवर बाहेर भाषण, बक्षिसं घाईत उरकून माइकवर आभार सुरू झाले होते. काका पडद्यापुढे जाऊन मधोमध उभे राहिले. "माफ कीजिए," ते म्हणाले, "माल अभी हवा में है."

साहेब उठले, त्यांच्यामागे पुढच्या तीन रांगा उठल्या. मागच्या रांगांना जेवणाचा वास आला, त्याही गेल्या. मधल्या रांगांत काकांच्या खात्यातली माणसं होती, ती हलली नाहीत. "उतारो, उस्ताद," त्यांच्यातलं कुणीतरी शांतपणे म्हणालं. काकांनी हात वर केला आणि पडदा उघडला.

पुढच्या वर्षी हॉल खरंच मिळाला नाही, नंतरही कधी नाही. तरी आम्ही केलं ते बरोबरच केलं, आणि आज विचारलंत तर पुन्हा तेच करू.

त्या दिवशी प्रयोग संपल्यावर काका माझ्याजवळ आले. "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं ना गं?"

मागच्या सातही रांगा रिकाम्या होत्या. "शब्द न् शब्द," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, थोडा वेळ खुर्च्यांकडे पाहिलं आणि खाटेचं एक टोक उचललं. दुसरं मी धरलं.