रस्त्यावरची हळद

हळद शिजवल्याचा वास आला की ती दुपार आठवते. नांदेडला जाणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूनं आमची हळद वाळत होती आणि गाड्यांनी तुडवू नये म्हणून तिच्या कडेनं दगड मांडलेले होते. बघता बघता आभाळ काळंठिक्कर झालं, गारा सुरू झाल्या. आम्ही ताडपत्री ओढतोय तोवर ढगातून एक छोटं विमान हेलकावे खात खाली आलं, थेट रस्त्याच्या रोखानं. "दगडं काढा," काका ओरडले, "ते इथंच उतरून राहिलंय." हळद तशीच टाकून आम्ही दगड रस्त्याखाली भिरकावू लागलो. काकू शेवटचा दगड उचलायला वाकली होती, तेवढ्यात विमानाचा पंख तिच्या पाठीवरून गेला, डोक्यावरचा पदर उडवत. हळद उधळत विमान घसरत गेलं आणि पुढच्या नालीत तिरकं पडलं.  मग दार ढकलून विमान चालवणारी एक तरुण पोरगी बाहेर आली. "तुमची हळद…" एवढंच बोलली. "हळद धुता येती माय, तू बस आधी," काकू म्हणाली, अगदी शांतपणे. पण तिच्या हातातला दगड आम्हाला सोडवून घ्यावा लागला; बोटं उघडतच नव्हती. काल एका मळ्याजवळून जाताना तोच वास आला, आणि पाहते तर माझ्या दोन्ही मुठी आवळलेल्या.