दस्तीखालचं इंग्लंड

मामा दुकानात शिरले की आधी खांद्यावरची दस्ती काढायचे. मग माझा उजवा हात काउंटरवर ओढून घ्यायचे, त्यावर दस्ती पसरायचे, तिच्याखाली आपला हात घालायचे आणि विचारायचे, "बोल डाक्टर, फायदा कुणाचा?"

दस्ती म्हणजे आमच्या मराठवाड्यातला हातरुमाल. मामांचा चांगला पंच्याएवढा होता. आणि मी काही डॉक्टर नाही. लातूरच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कोपऱ्यावर माझं औषधांचं दुकान आहे. पण जो गोळ्या देतो तो डॉक्टर, असा मामांचा सरळ हिशेब. मामाही ते कुणाचेच नव्हते. सगळा मोंढा मामा म्हणायचा म्हणून मीही म्हणायचो.

धान्याच्या बाजारातला दलाल फायद्याचं विचारतोय म्हणजे सोयाबीनबद्दल असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण मामांना घोर लागला होता इंग्लंडचा. इंग्लंड युरोपातल्या देशांच्या एकत्र बाजारातून बाहेर पडलं आणि समुद्रापलीकडच्या अमेरिकेशी स्वतंत्र व्यापार करार करायच्या मागे लागलं. तो झाला तर इंग्लंडचं भलं होईल का? याची काळजी खुद्द इंग्लंडात किती जणांना होती कोण जाणे, लातुरात ती एकट्या मामांना होती.

पेपर माझा आणि पहिली घडी मोडायचे ते. बाजारभावाचं पान उलटून टाकायचे आणि परदेशाच्या बातम्यांवर बोट ठेवून वाचायचे. कराराची काही बातमी नसली की माझ्याकडे असं बघायचे, जणू मीच ती कापून ठेवली.

दस्तीची रीत त्यांनी जनावरांच्या बाजारातून आणली होती. त्यांचा थोरला भाऊ औशाला बैलांचा दलाल. तरुणपणी मामा त्याच्या हाताखाली होते. तिथे बैलजोडीचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं हात मिळवतात, वर दस्ती टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवती गर्दी असली तरी कितीला सौदा झाला ते त्या दोघांनाच ठाऊक. मामांच्या मते जगातले सगळे करार असेच होतात. वर दोन साहेब फोटोपुरते हसतात, खरं काय ते दस्तीखाली.

"हे इंग्लंड," असं म्हणून ते माझी करंगळी धरायचे. "अन् ही अमेरिका." अमेरिका म्हणजे त्यांची मूठ. मग ती आवळली जायची.

"मामा, दुखतंय."

"तेच सांगायलो. दुखतंय कुणाला, त्यावरून वळख."

कोचिंग क्लासमध्ये शिकवणारे एक सर पित्ताच्या गोळ्या घ्यायला यायचे. त्यांना हा करार पसंत होता. ते म्हणायचे, "मामा, एकत्र बाजारात असताना इंग्लंडला स्वतःचा वेगळा करार करता येत नव्हता. आता येतो. अमेरिकेचा माल स्वस्त मिळेल, यांच्या गाड्या, यांचं पोलाद तिकडं खपेल. तोटा कुठाय?"

"सर, शेजारची पेठ सोडून लांबच्या पेठंला जायला परवडतंय का?"

"जहाजाला फार भाडं पडत नाही, मामा."

"बरं. मग घाई कुणाला हाय? अमेरिकेला का इंग्लंडला?"

सर गोळ्यांची पट्टी खिशात टाकत म्हणाले, "तशी इंग्लंडलाच."

"मग झालं की. घाई असली की बोटाला घाम येतो. दस्तीखाली घाम लगेच कळतो."

सर चिडून म्हणायचे की बैलांचा बाजार आणि देशाचा व्यापार यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. त्यांचंही खोटं नव्हतं. मी आपलं मध्येच औषधांचं काढायचो. करार झाला तर तिकडच्या सरकारी दवाखान्यांना अमेरिकेची औषधं चढ्या भावाने घ्यावी लागतील, असं मी वाचलं होतं. मामांना त्यात रस नव्हता. त्यांना आवडलेली एकच बातमी म्हणजे कोंबड्यांची. अमेरिकेत कोंबड्या क्लोरीनच्या पाण्यात धुतात आणि इंग्लंडला ते चालत नाही, हे कळल्यावर ते ठसका लागेपर्यंत हसले. "धुतलेली चालत न्हाई म्हंतेत! लई नखरे!" त्या दिवशी सरसुद्धा पित्त विसरून हसले.

पण गंमत अशी की मामांचं मत रोज एक नसायचं. सोमवारी दाढी करून, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आले की म्हणायचे, "होईल भलं. कुणाच्या हाताखाली किती दिस राहायचं? आपली पेठ आपण धुंडावी." आणि रविवारी मोंढा बंद असला, माणसं आपापल्या घरी असली की तेच मामा स्टुलावर बसून म्हणायचे, "इंग्लंडाचं काय खरं न्हाई, डाक्टर. निघाया नगं होतं." सणाच्या दिवशी तर इंग्लंड पार बुडालेलं असायचं.

मामांची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. बारदान्याच्या गोदामावरच्या खोलीत ते एकटे राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. रक्तदाबाची गोळी त्यांना रोज लागायची. ती ते रोज एकच घ्यायचे, पट्टीतून कापून. माझी कात्री त्या कामालाच बोथट झाली.

"मामा, अख्खी पट्टी न्या की," मी म्हणायचो.

"अख्खी नेली तर उद्या कशाला येऊ?"

ते हसत म्हणायचे, पण मला ते हसू बघवायचं नाही. पेपर वाचायला तर ते येणारच होते. तरी त्यांना वाटायचं, माणसाकडे जायला काहीतरी निमित्त लागतं.

आमच्या कोपऱ्यावरून औशाची बस वळते. ती आली की मामा पेपर तोंडासमोर धरायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "औसा काय विलायतेत आहे? बसा त्या बसमध्ये आणि भेटून या भावाला."

"त्यानं आधी हात द्यावा."

"तो म्हणत असेल, तुम्ही द्यावा."

"मग बसू दे म्हणत."

सातासमुद्रापलीकडच्या दोन देशांची समजूत घालणारा हा माणूस, आणि अर्ध्या तासाचा रस्ता त्याला ओलांडवत नव्हता.

दोघा भावांत खरं काय झालं होतं ते मला एका पोळ्याला कळलं. दुपारची वेळ, मोंढा बंद, रस्त्याने एखादी सजवलेली बैलजोडी घुंगरं वाजवत चाललेली. मामांनी त्या दिवशी पेपर उघडलाच नाही. बैलांकडे बघत बसले आणि मग आपणहून बोलायला लागले.

मामा ऐन विशीत असताना एका विधवा बाईची बैलजोडी थोरल्याने बाजारात विकून दिली होती. घेणारा भला माणूस. बाईची अडचण बघून त्याने दस्तीखाली चढा भाव कबूल केला, बाजारात कुणी दिला नसता असा. मामांना भावाचा केवढा अभिमान वाटला! ते चहाच्या टपरीवर गेले आणि सगळ्यांसमोर बोलून बसले, आमच्या अण्णानं जोडी इतक्याला विकली. झालं. लोकांनी घेणाऱ्याची टर उडवली, बाईनं याला येडा बनवला म्हणाले. त्याने तोंड लपवलं आणि सौदा मोडला. बाईला तीच जोडी पडेल भावात द्यावी लागली.

"अण्णानं भर बाजारात माझ्या खांद्यावरची दस्ती काढून घेतली," मामा म्हणाले. "म्हनला, दस्तीखालचं ज्याच्या पोटात राहत न्हाई त्यानं दस्ती वागवू नये. मला लई लागलं, डाक्टर. म्या म्हनलं, मग मी येगळा. लातुरात आलो, त्याच दिशी नवी दस्ती घेतली."

लातुरात त्यांनी बाहेरगावच्या एका मोठ्या तेलगिरणीशी संधान बांधलं. गिरणीला सोयाबीन मिळवून द्यायचं काम. सुरुवातीला गिरणीवाले त्यांच्यासाठी जीप पाठवायचे. मग जीप गेली, चहा उरला. मग नुसतंच बाहेरच्या बाकावर बसवायला लागले. वर म्हणायचे, आम्ही म्हणू तो भाव, नाहीतर दुसरे दलाल पुष्कळ आहेत.

"मी न्हाई म्हनू शकलो न्हाई. मागं कुणी उभं न्हाई हे त्यायला कळलं होतं. मानूस घरातून भांडून निघाला की बाजाराला वास येतो, बघ."

एवढी वर्षं हा म्हातारा माझ्याकडे चौकशी करत होता ती इंग्लंडची नव्हतीच. घरातून रागाने निघालेल्याचं बाहेर कुठे भलं होतं का, एवढंच त्याला कुणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि पेपरात दुसऱ्या कुणाची तशी बातमी येत नव्हती.

त्या हिवाळ्यात एक मध्यमवयीन माणूस दवाखान्याची चिठ्ठी घेऊन दुकानात आला. मी औषधं काढत होतो. स्टुलावरच्या मामांकडे बघून तो थबकला.

"काका?"

मामांनी पेपर खाली केला. तो थोरल्याचा मुलगा होता. अण्णांना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात ठेवलं होतं.

मामा उठले आणि परत बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "डाक्टर, तू चल."

मी शटर ओढलं आणि गेलो. खाटेवर अण्णा पडले होते, मामांचाच चेहरा, फक्त एका बाजूला ओढलेला. त्यांनी मामांना ओळखलं. डोळ्यांत ते लगेच दिसलं, पण ओठ हलले नाहीत. मामांनी सवयीने खांद्यावरच्या दस्तीला हात घातला, आणि थांबले. उशाशी अण्णांची जुनी, विटलेली दस्ती घडी करून ठेवली होती. मामा पुतण्याला म्हणाले, "ती दे."

त्यांनी ती अण्णांच्या डाव्या हातावर पसरली आणि तिच्याखाली आपला हात घातला. बराच वेळ दस्ती हलत होती, कधी इथे, कधी तिथे. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मामा मान खाली घालून होते. पुतण्या आणि मी, आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो, बाजारातल्या बघ्यांसारखे.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "काय म्हणाले अण्णा?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "डाक्टर," ते म्हणाले, "दस्तीखालचं सांगायचं नसतं."

अण्णांना घरी न्यायचं ठरलं तेव्हा मामा दुकानात आले. हातात पिशवी, खांद्यावर ती विटलेली दस्ती. काउंटरशी उभे राहून म्हणाले, "गोळ्या दे."

मी कात्री घेतली.

"कापू नको. अख्ख्या पट्ट्या दे. हायेत तेवढ्या."

मी पट्ट्या कागदात बांधल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण बस वळून गेल्यावर दुकान इतकं मोकळं वाटलं की मी उगाच फडकं घेऊन स्टूल पुसत बसलो.

गुढीपाडव्याच्या आसपास अण्णा गेल्याचं कळलं. मामा लातूरला परत येतील असं मला वाटलं, खरं सांगायचं तर मी वाटच बघत होतो. ते आले नाहीत. मग ऐन उन्हाळ्यात एका सकाळी पेपरात बातमी आली. इंग्लंड आणि अमेरिकेचा करार झाला होता. अर्धामुर्धा का होईना, झाला होता. सर धावत आले, "अहो, मामांना कळवा!" मी पेपरची घडी केली आणि औशाची बस धरली.

मामा अंगणात निंबाखाली बाजेवर बसले होते. गोठा रिकामा होता, घरातली माणसं रानात गेलेली. मांडीवर दस्ती पसरलेली आणि तिच्याखाली त्यांचे दोन्ही हात, एकमेकांत धरलेले. माझी चाहूल लागली तसे ते दचकले आणि हात बाहेर काढून दस्ती झटकायला लागले.

मी पेपर पुढे केला. "मामा, करार झाला."

त्यांनी बातमीवर बोट ठेवून पहिली ओळ वाचली. मग पेपर बाजेवर ठेवला. चष्मा नीट बसत नाही म्हणाले, पाणी प्यायलास का म्हणाले. मी तिथेच बसलो. शेवटी मीच दस्ती ओढून घेतली, त्यांच्या हातावर टाकली, खाली माझा हात घातला आणि विचारलं, "बोला मामा, फायदा कुणाचा?"

त्यांनी उत्तर दिलं, दस्तीखालीच.

त्या भेटीनंतर पुढच्या पोळ्याआधी मामा गेले. सर अजून गोळ्या घ्यायला आले की विचारतात, काय म्हणाला होता हो म्हातारा, फायदा का तोटा? मी त्यांच्या गोळ्या मोजून देतो. उत्तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. एवढंच सांगतो की त्या उन्हातही मामांचा हात गार होता, आणि सांगून झाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही.