साबळे सरांची कार्डं

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसली की किस्से आपोआप साठतात. आमचे तर इतके साठलेत, की कुठला हसत सांगून होईल आणि कुठला अर्ध्यातच सोडावा लागेल, हे सुरुवात केल्याशिवाय मलाच कळत नाही.

लोणावळ्यात वाचनालयाच्या माडीवर आम्ही सिनेमा आणि साहित्याचे शब्द शिकायचो. शिकवायचे साबळे सर, कॉलेजातून रिटायर झालेले. आठवड्याला एक शब्द मिळायचा आणि त्याचं उदाहरण स्वतःच्या जगण्यातून आणायचं. कुणी सिनेमातलं आणलं की सर म्हणायचे, "ते दिग्दर्शकाचं झालं. तुमचं कुठंय?" ज्याचं उदाहरण पसंत पडेल, त्याने तो शब्द आपल्या अक्षरात कार्डावर लिहायचा. मी चिक्कीच्या दुकानात काउंटरवर असतो. माझ्या नावावर दोनच कार्डं आहेत, यावरून काय ते ओळखा.

*

'क्लोज-अप'चं कार्ड बबनभाऊंचं. ते रेल्वेत फाटकावर होते. आयुष्यभर झेंडी दाखवत उभे राहिले, पण गाडीतली माणसं म्हणजे त्यांना नुसते पुसट पट्टे दिसायचे. एकदा सिग्नल न मिळाल्याने गाडी फाटकापाशीच थांबली. समोरच्या खिडकीत एक बाई रडत होती, हाताच्या अंतरावर.

"गाडी गेली," भाऊ म्हणाले, "डबा कंचा, रंग कंचा, काय बी आठवत न्हाई. त्येवढं तोंड ऱ्हायलंय."

सरांनी पेन पुढे केलं.

*

दुसरा शब्द होता 'अविश्वसनीय निवेदक'. म्हणजे गोष्ट सांगणाराच भरवशाचा नाही. हिरामावशी आंदर मावळातून लेकीकडे राहायला आलेल्या. त्यांनी लगेच हात वर केला.

"आमचं जावई. आफिसात काम व्हतं म्हणत्यात, अन् शर्टाला भज्यांचा वास!"

जावई त्यांना न्यायला येऊन दारातच उभे होते. कार्ड अर्थातच मावशींना मिळालं. त्या दिवशी त्या जावयाच्या स्कूटरवर न बसता चालत घरी गेल्या म्हणतात.

*

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण शब्द ओठांवर येईना. ज्या माणसाने आम्हांला शब्द दिले, त्याच्याकडे एकही उरला नाही, हे बघवत नव्हतं.

रोज शब्दांचा सराव करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही मोठ्या उत्साहाने आमची कार्डं घेऊन त्यांच्या घरी गेलो. पंधरा दिवसांनी सर अडखळत म्हणाले, "मों...ताज." सिनेमात वेगवेगळे तुकडे जोडून अर्थ उभा करतात, त्याचा हा शब्द. आम्हांला काय आनंद झाला! मी दुकानातून चिक्की नेऊन सगळ्यांना वाटली.

सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चिक्की हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "त्यांना पाणी मागता येत नाही," त्या म्हणाल्या. "रात्रंदिवस मी त्यांच्या तोंडाकडे बघत असते. तुम्ही मोंताज कसला शिकवताय?"

आम्ही माना खाली घातल्या. इतकी वर्षं उदाहरणं घरून आणली आणि सरांच्या घरात काय हवंय, ते कुणालाच सुचलं नव्हतं. आजही आठवलं की मला लाज वाटते.

*

दुसऱ्या दिवशी नवी कार्डं झाली. पाणी, चहा, औषध, उशी. मावशींनी आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक कार्ड लिहिलं: सुमन.

पाणी आलं. चहा आला. पुढे उशीसुद्धा आली. 'सुमन' मात्र काही केल्या येईना. सर कार्डाकडे बघायचे, ओठ जुळवायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी काकू स्वतःच ते कार्ड पालथं करायच्या. "राहू दे. बरे होते तेव्हा तरी कुठे नावाने हाक मारायचे? अगं, ऐकलंस का, यातच संसार झाला."

पण स्वयंपाकघरात मावशींजवळ त्या वेगळंच बोलल्या. एकदा, फक्त एकदा त्यांच्या तोंडून नाव ऐकायचंय. आणि त्यानंतर रोज ते कार्ड त्याच सगळ्यांत वर ठेवू लागल्या.

*

एका रविवारी काकू औषध आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेल्या. आम्ही तिघं सरांजवळ होतो. कार्डं काढलीही नव्हती. सर दाराकडे बघत होते. बघता बघता म्हणाले, "सु...मन." मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.

मी अनवाणीच मेडिकलकडे धावलो. काकू धापा टाकत आल्या, पलंगाशी बसल्या. सरांनी किती प्रयत्न केला! संध्याकाळपर्यंत केला. एक अक्षर आलं नाही.

बुधवारी दुसरा झटका आला आणि सर गेले.

*

तेरावं झाल्यावर आम्ही तिघं काकूंकडे गेलो. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं संपलं. काकूंनी विचारलं, "खरंच म्हणाले होते ना?"

"व्हय," मावशी म्हणाल्या. "दोनदा."

"कसं म्हणाले?"

बबनभाऊ हळूच म्हणाले, "काकू, मला येतंय तसं म्हणाया. पर तुमचं नाव आमी कसं घ्यावं?"

काकू उठल्या. आत स्वयंपाकघरात गेल्या. भांडं सरकवल्याचा आवाज आला आणि मग त्यांचा.

"म्हणा आता."

बबनभाऊंनी डोळे मिटले. तोंड एका बाजूला ओढून, जीभ जड करून त्यांनी हाक मारली, "सु...मन."

आतून काकूंनी ओ दिली. "आले हं. आलेच."