बाकाची खालची बाजू

केशव दामले यांच्यावर अन्याय झाला तो यंदाच्या ज्येष्ठातल्या शेवटच्या मंगळवारी, भर दुपारी. लखनौभर ‘बडा मंगल’चे, मारुतीच्या नावाचे भंडारे लागले होते. कामगार खात्याच्या कचेरीच्या फाटकाबाहेर पुरी-सब्जी फुकट वाटत होते, आणि आत केशवकाकांची तुरुंगातली सगळी मेहनत फुकट ठरत होती. तिथल्या कामाच्या पगारासाठी मी त्यांना लिहून दिलेला अर्ज फेटाळला. कैदी हा कर्मचारी नाही, त्याला वेतनाचा कायदा लागू नाही. आषाढ संपायच्या आत काका गेले. निशातगंजहून त्यांच्या बहिणीचा, कुसुमआत्याचा फोन आला, “केशव गेला गं… तुमचं ते अपील राहिलंच.”

काका माझ्या बाबांचे बँकेतले मित्र. एका भांडणात त्यांनी हात उचलला आणि माणूस दगावला. गुन्हा त्यांनी कधी नाकारला नाही. “सजा झाली ती बरोबरच,” म्हणायचे. तुरुंगाच्या सुतारखान्यात ते सरकारी कचेऱ्यांसाठी बाक बनवायला शिकले. तिथला रिवाज असा, की बाक खालूनही घासून गुळगुळीत करायचा. कारण कुणी काही लपवलंय का, म्हणून पहारेकरी खालून हात फिरवतो, आणि त्याला कुसळ टोचलं तर शिव्या सुताराला! बाहेरचा कुठला सुतार एवढं करतो?

सुनावणीला व्हरांड्यातल्या बाकावर टेकताच काकांचा हात खाली गेला. “अगं, हा तर आमचाच!” आत साहेब म्हणाले, “दामलेजी, वो नौकरी नहीं थी, आपका सुधार चल रहा था.”

“अच्छा? तो बेंच बेची क्यों, साहब? सुधार भी बिकता है क्या?”

शिपाईसुद्धा हसला. साहेब नाही हसले.

विकताना तो माल होता, दाम मागितला की ती शिक्षा झाली! माणसाला कोंडलंत, ठीक. पण त्याच्या घामाची विक्री करून वर त्याला कामगार म्हणायचं नाही, ही कुठली रीत? आणि गोमती नगरातले आमचे सुशिक्षित मराठी लोक तेराव्याला जेवता जेवता म्हणतात, “खुन्याला कसला पगार?” काका म्हणायचे, “पैसे राहू देत गं… एकदा कागदावर कामगार लिहा म्हणावं.” मी म्हणायचे, पैसेही सोडायचे नाहीत. आजही तेच म्हणते.

परवा कुसुमआत्याला घेऊन अपील दाखल करायला गेले. बाक तिथेच आहे. आत्याने खालून हात फिरवला, बराच वेळ काढलाच नाही… तुम्हीही सरकारी कचेरीत बसाल तेव्हा बाकाच्या खाली हात घाला. गुळगुळीत लागला तर उठा, आत जा आणि विचारा, हा बनवणाऱ्याला पगार दिलात का? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.